अहो-जाहो

लोकांत मी तुला अहो म्हणते.
सासूबाई होत्या तेव्हापासूनची सवय,
सिडकोतल्या दोन खोल्या, भिंती एवढ्या पातळ
की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही आपणच मोजायचो.
दिवा मालवला की मात्र तू.

तेवीस वर्षं
हा एक शब्द मी दिवसभर दाढेखाली ठेवला,
वेलदोड्यासारखा, न चावता,
आणि रात्री तुझ्या मानेपाशी फोडला.
तुझ्या मानेला कूलंटचा वास, कितीही साबण लाव,
आणि मला तो हवासा वाटायचा.
सांगितलं नाही कधी.
ह्या गावात एकीनं उघड सांगितलं होतं,
तिचं नाक गेलं, गावाला नाव मिळालं.

साहेबांनी पहिल्याच दिवशी मला तू म्हटलं.
सातपूरची ती काचेची केबिन, एसी अठरावर.
मी ओढणी घट्ट केली,
त्यांना वाटलं थंडी वाजतेय.
मग एकदा, बस म्हणाले.
मग, "उत्तमचं काँट्रॅक्ट मार्चला संपतं ना गं?"

गं.
तो माझ्या आईचा होता,
मनमाडच्या मावशीचा होता, तुझा होता.
त्यांनी तो टेबलावरून पेनसारखा उचलला
आणि खिशाला लावला.
फाईल उघडीच होती. तुझा फोटो स्टेपल केलेला,
पिन नेमकी कपाळातून.

गंगापूर धरणाच्या अंगाला कंपनीचं गेस्टहाऊस आहे.
कुंपणापलीकडे द्राक्षबाग,
एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला
रंग बदलू नये म्हणून.
मी कागदावरच्या बातम्या वाचत उभी राहिले,
जेवढ्या लांबून वाचता आल्या तेवढ्या.
नाही म्हणाले होते. दोनदा.
तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर जिभेवर
तुझा तो फोटो.
पुढचं मला लिहिता येत नाही.

मार्चमध्ये तू पेढे आणलेस.
देवापुढे ठेवलेस, एक माझ्या तोंडात कोंबलास,
म्हणालास, साहेब म्हणजे देवमाणूस.
मी गिळला.

त्या रात्री दिवा मालवल्यावर तू जवळ आलास
आणि मी म्हणाले, अहो.
हसलास. "इथं कोण ऐकतंय?"
मी म्हणाले, अहो, नको.
दुसरा शब्द मी शोधत होते,
पण तो तोंडात आला की
त्यांच्याच आवाजात यायचा.

मी तुला फसवलं का,
हा प्रश्न मला गवार मोडताना पडतो.
साहेबांना गवार मोडावी लागत नाही.
आणि खरं सांगू, हवा होतास तू मला,
त्याही रात्री, त्यानंतरच्या सगळ्या रात्री,
फक्त अंग माझं ऐकेना,
दार आतून लागलं होतं
आणि कडी मला सापडत नव्हती.

परवा तू चहा आणलास.
कप खाली ठेवून म्हणालास, घ्या.
चेष्टेत नव्हे.
मशीन वेगळा आवाज करायला लागलं की बघतोस ना,
हात न लावता, नुसता कान देऊन,
तसा बघत होतास.

आज एक नंबर गेटपाशी गाडी थांबवलीस.
रोज म्हणतोस, उतर.
आज इंजिन चालूच ठेवलंस
आणि मान न वळवता विचारलंस,
"उतरायचंय?"

भोंगा झाला. मागून बस हॉर्न देत होती,
वॉचमन हात हलवत होता.
मी तुझ्या शर्टाची पाठ मुठीत धरून बसून राहिले.
तू गिअर टाकलास.

दोन डबे हँडलला लटकलेले, दोन्ही भरलेले,
त्र्यंबक रोडला ऊन नुकतं चढत होतं,
कुठं चाललोय ते तूही सांगेनास, मीही विचारेना.
पुढचा मार्च येणारच आहे, त्याची तारीख ठरलेली आहे.
वाऱ्यानं तुझी कॉलर उलटली,
कूलंटचा वास आला.

पपया नर्सरीच्या सिग्नलला,
लाल दिव्याचे चौसष्ट सेकंद उरले असताना,
मी तुझ्या कानाशी तोंड नेलं.
म्हणाले,
ऐक.